शेततळ्यातली मत्स्यशेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुळात द्राक्ष, डाळिंब, कांदा करणाऱ्या आणि जोडीला शेततळ्यात मासे सोडू पाहणाऱ्या शेतकऱ्यांचे आहेत. मोठ्या तलावाचा ठेका घेणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात, त्या इथे नाहीत. हिशोबाला सगळीकडे ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार आणि प्लास्टिक कागद घातलेलं तळं धरलं आहे. तुमचं तळं लहान-मोठं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो: शेततळ्याच्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा. पिकाच्या पाण्याचं वेळापत्रक बघून त्यात मासा बसवायचा. हे उलटं करायला गेलेल्यांचेच प्रश्न सगळ्यात जास्त येतात.

१. माझ्या शेततळ्यात मासे होतील का? कमीत कमी काय लागतं?

किमान दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाणी सलग सात-आठ महिने टिकत असेल तर होतील. तळं भरलेलं किती दिसतं याला फारसा अर्थ नाही, सगळ्यात खाली उतरतं तेव्हा किती उरतं ते बघा. आपलं धरलेलं तळं काठोकाठ भरलं की त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. तेच पाणी दीड मीटरवर आलं की उरतं जेमतेम पावणेदहा लाख लिटर. उतार आत जातो, म्हणून निम्म्या उंचीला निम्मंही पाणी नसतं. मासे मात्र तेवढेच असतात आणि तोवर वजनानेही वाढलेले असतात.

पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८.५ असावा. बोअरचं पाणी थेट सोडत असाल तर ते उंचावरून, फवाऱ्यासारखं पडू द्या. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो.

२. कोणते मासे सोडू?

पहिल्या वर्षी कटला, रोहू आणि थोडा मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. पुस्तकात प्रमाण ४०:३०:३० असं दिलेलं असतं, पण ते मातीच्या तळ्याचं आहे. कागदाच्या तळ्यात गाळ नसतो, त्यामुळे मृगळाला चरायला फारसं काही मिळत नाही. तिथे ४० कटला, ४५ रोहू आणि १५ मृगळ पुरे.

गवत्या (ग्रास कार्प) हौसेने पन्नासभर सोडायला हरकत नाही. लसूणघास, नेपियर, कोबीचा पाला तो आवडीने खातो आणि भराभर वाढतो. चंदेरा (सिल्व्हर कार्प) टाळा. त्याचं आणि कटल्याचं खाणं बरंचसं एकच, शिवाय तो पाण्याबाहेर काढला की लवकर खराब होतो आणि भावही कमी मिळतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) मातीच्या तळ्यात बांध उकरतो, पण कागदाच्या तळ्यात त्याचा तो त्रास नाही. तिलापिया आणि पंगसबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. एका तळ्यात किती बोटुकली सोडायची? दुकानदार तीन हजार म्हणतोय.

दुकानदार बीज विकतो, मासे विकत नाही. खाद्य देणार असाल तर गुंठ्याला शंभर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हा धोपटमार्ग आहे, म्हणजे हेक्टरी दहा हजार. आपलं तळं वरून मोजलं तर जवळपास नऊ गुंठे भरतं, म्हणजे नऊशे. उन्हाळ्यात पाणी दीड मीटरवर येणार असेल तर पृष्ठभाग ७२९ चौरस मीटर, सव्वासात गुंठ्यांच्या आसपास राहतो, म्हणून सातशे ते आठशेवर थांबा.

तीन हजार सोडले तर मरतील असं नाही. बरेच जगतीलही. पण वर्षाअखेर दीडशे-दोनशे ग्रॅमचे मासे हाती येतील आणि बाजारात त्यांना कोणी विचारणार नाही. संख्या वाढली की वजन घटतं आणि भाव वजनदार माशाला असतो.

४. जिरे स्वस्त मिळतात. बोटुकली कशाला घ्यायची?

मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं. शेततळ्यात ती बेडूक, पाणकिडे आणि नाकतोड्याएवढ्या पाणविंचवांच्या पोटात जातात. जिरे वाढवायला वेगळी संगोपन टाकी लागते आणि ते काम वेगळंच आहे. शेतकऱ्याने बोटाएवढी, तीन-चार इंचांची बोटुकली घ्यावी. दर नगामागे जास्त पडतो, पण जगणाऱ्या नगामागे कमी.

बीज जुलै ते सप्टेंबरमध्ये मिळतं. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदणीकृत बीज केंद्रांची माहिती मिळते. घेताना घमेल्यात थोडं पाणी घेऊन वीस-पंचवीस पिल्लं त्यात सोडून बघा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं असतं, रोहूचे पर लालसर असतात, मृगळ सडपातळ आणि चांदीसारखा असतो. घमेल्यात हाताने पाणी गोल फिरवलं की निरोगी बोटुकली प्रवाहाविरुद्ध पोहते. प्रवाहाबरोबर वाहत जाणारी घेऊ नका. ‘मिक्स बीज’ म्हणून जे विकतात त्यात काय निघेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रोहूमध्ये ‘जयंती रोहू’ मिळाला तर घ्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने निवड पद्धतीने तयार केलेला हा वाण साध्या रोहूपेक्षा वेगाने वाढतो.

५. बीज आणलं, सोडलं आणि दुसऱ्या दिवशी निम्मं पांढरं पडून तरंगलं. बीज खराब होतं का?

असेलही, पण बहुतेक वेळा दोष सोडण्यात असतो. पिशवीतलं पाणी प्रवासात तापलेलं किंवा थंड झालेलं असतं आणि तळ्याचं वेगळं असतं. तोंड उघडून पिशवी थेट उलटी केली तर पिल्लांना तो फरक झेपत नाही. बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड सोडून तांब्या-तांब्याने तळ्याचं पाणी आत घाला आणि पिशवी आडवी धरून पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करा. दुपारी बाराच्या उन्हात बीज घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याची घाई आपण अंगावर घ्यायची नाही.

नव्या कागदाच्या तळ्यात पहिलं पाणी भरून आठ-दहा दिवस झाल्याशिवाय बीज सोडू नका.

६. कागदाच्या तळ्यात शेण टाकावं का? चुना किती?

शेण टाकायचं ते पाण्यात बारीक शेवाळ आणि प्राणीप्लवंग, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, वाढावेत म्हणून. कटल्याचं मुख्य खाणं तेच. मातीच्या तळ्याला बीज सोडण्याआधी गुंठ्याला २० किलो ताजं शेण देतात आणि पुढे हप्त्या-हप्त्याने, वर्षाला मिळून गुंठ्याला शंभर किलोपर्यंत. कागदाच्या तळ्यात निम्मं पुरतं. ते सरळ ओतू नका. गोणपाटाच्या पोत्यात भरून दोन कोपऱ्यांत दोरीने बुडवून ठेवा. अर्क पाण्यात उतरतो, चोथा पोत्यात राहतो आणि ठिबकच्या फिल्टरला त्रास होत नाही. पाणी जास्त हिरवं झालं तर पोतं वर ओढून घेता येतं, ओतलेलं शेण परत काढता येत नाही.

चुना मातीच्या तळ्याला गुंठ्याला दोन-अडीच किलो, तोही सामू तपासून. सामू ८.५ च्या वर असेल तर नकोच. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी टाकू नका, चुन्यामुळे स्फुरद बांधलं जातं आणि दोन्ही वाया जातात. मध्ये आठवडा जाऊ द्या. पोल्ट्रीची विष्ठा टाकू का, असंही विचारतात. ती शेणापेक्षा कितीतरी तेज असते, नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

७. पाणी हिरवंगार झालं आहे. चांगलं की वाईट?

हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा कोपराच्या आसपास दिसेनासा होत असेल तर पाणी उत्तम. मनगट बुडतं न बुडतं तोच तळवा गायब झाला तर पाणी फार दाट आहे: शेण आणि खाद्य थांबवा, थोडं पाणी पिकाला काढा आणि ताजं घ्या. हात खांद्यापर्यंत बुडूनही बोटं मोजता येत असतील तर पाण्यात खाणं नाही, शेणाचं पोतं सोडा.

रंग हलका हिरवा किंवा तपकिरी असावा. वर हिरव्या रंगाचा साका सांडल्यासारखी जाड साय येत असेल आणि वास मारत असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ आहे. त्याच्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) मारण्याआधी प्रश्न ९ वाचा.

८. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडतात. काय करू?

हा प्रश्न बहुतेक फोटोसकट येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाची सडकी घाण असे सगळे मिळून तो वापरतात. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पाणी जितकं हिरवं तितकी पहाट वाईट. त्यात तीन-चार दिवस ढगाळ गेले तर दिवसाही भरपाई होत नाही. दुसरी धोक्याची वेळ वळवाच्या पावसाची. उन्हाने वरचं पाणी तापलेलं असतं, खालचं थंड आणि प्राणवायू नसलेलं. पाऊस पडला की वरचं एकदम थंड होतं, पाणी उलटतं आणि तळाची घाण वर येते. रात्रीतून तळंच्या तळं मेल्याच्या बहुतेक हकिकती एप्रिल-मेच्या अशाच एखाद्या रात्रीच्या असतात. विष टाकल्याचा संशय शेजाऱ्यावर घेण्याआधी आदल्या दिवशीचं हवामान आठवा. मोठे मासे आधी मेले असतील तर कारण बहुधा प्राणवायूच असतं.

त्या घडीला करायचं ते असं. मोटर चालू करून तळ्याचंच पाणी उचला आणि पाइपच्या तोंडाला हात किंवा फळी आडवी धरून ते फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. विहिरीचं पाणी असेल तर तेही असंच पाडा. वीज नसेल तर दोघांनी दोन बाजूंनी बांबूने पाणी झोडपायचं. हे हास्यास्पद दिसतं, पण तासाभराने मासे खाली जातात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाद्य बंद, शेणाचं पोतं बाहेर. हे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं तर तळ्यात मासे जास्त झालेत, मोठे काढून विका.

एक अपवाद आहे. मासे दुपारी, लख्ख उन्हात वर येत असतील, अंग घासत असतील किंवा गोल फिरत असतील तर प्राणवायूचा प्रश्न नाही. प्रश्न ९ आणि १३ बघा.

९. बाग तळ्याला लागूनच आहे. फवारणीने मासे मरतील का?

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, माशांना अतिशय घातक आहेत. माणसाला ज्या प्रमाणात काही होणार नाही त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात मासा मरतो. वारा तळ्याकडे असेल तेव्हा ब्लोअर चालवू नका. पण वाऱ्याने जेवढं येतं त्यापेक्षा जास्त विष तळ्यात येतं ते टाकी धुतल्याने. फवारणी संपली की माणूस तळ्याकाठी जातो, बादली बुडवतो, पंप विसळतो आणि ते पाणी तिथेच ओततो. विसळण्याचं पाणी बांधाच्या पलीकडे, तळ्याकडे उतार नसलेल्या जागी टाकायचं, हा नियम गड्यांना दहा वेळा सांगावा लागला तरी सांगा.

मोरचुदाचं दुखणं वेगळं. ठिबक चोक होतं म्हणून शेततळ्यात मोरचूद टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. मासे असलेल्या तळ्यात ते टाकू नका. तांबं माशांच्या कल्ल्यांना मारतं, आणि त्यातून वाचले तरी शेवाळ एकदम मरून कुजतं व प्रश्न ८ मधली पहाट उगवते.

१०. मासे असलेल्या तळ्याचं पाणी ठिबकला चालतं का?

चालतं, आणि पिकाला चांगलंही असतं. माशांच्या विष्ठेतला नत्र पाण्यात उतरलेला असतो. सँड फिल्टर मात्र हवाच आणि तो जास्त वेळा उलटा धुवावा लागेल. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका. तो रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या मधल्या थरात लोंबता ठेवा आणि त्याभोवती बारीक जाळीची टोपली बसवा, नाहीतर पहिल्या महिन्यात बोटुकली थेट फिल्टरमध्ये सापडेल. ठिबकमधून ॲसिड सोडत असाल तर ते पाणी उलटं तळ्यात येणार नाही याची खात्री करा.

११. मार्चनंतर तळ्यात पाणीच राहत नाही. मग मासे नकोतच का?

हवेत, पण वेगळ्या पद्धतीने. डाळिंबाचा आंबे बहार धरणाऱ्याचं तळं जानेवारीपासूनच उतरायला लागतं. द्राक्षवाल्याला एप्रिलच्या खरड छाटणीला पाणी लागतंच. बारा महिन्यांचं गणित या तळ्यांना लागू नाही, सहा-सात महिन्यांचं लावावं लागतं.

पहिला उपाय बीजात आहे. काही संगोपक गेल्या वर्षीची बोटुकली दाटीत, कमी खाण्यावर ठेवून खुंटवून ठेवतात. ती दिसायला पन्नास-शंभर ग्रॅमची, पण वयाने वर्षाची असते. मोकळ्या पाण्यात आणि भरपूर खाण्यावर ती झपाट्याने अंग धरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असं बीज सोडलं तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत विकण्याजोगा मासा होतो. महाग पडतं, मिळायला खटपट करावी लागते, पण अशा तळ्याला दुसरा चांगला रस्ता नाही.

दुसरा उपाय संख्येत: गुंठ्याला पन्नास-साठ. तिसरा काढणीत. तळ्याच्या एका बाजूला पाइप उभा करून त्यावर फुटांच्या खुणा रंगवा. पाणी सहा फुटांवर आलं की सगळ्यात मोठे मासे काढायला सुरुवात, पाच फुटांवर निम्मे बाहेर, चारवर सगळे. खुणा रंगवलेल्या असल्या की ‘अजून आठ दिवस थांबू, भाव येईल’ हा मोह आवरतो. अडीच फूट गरम पाण्यात उरलेले मासे एका रात्रीत जातात.

डिसेंबरातच तळं कोरडं पडत असेल तर मासे सोडू नका.

१२. तिलापिया आणि पंगस लवकर वाढतात म्हणे. ते सोडू का?

तिलापिया, म्हणजे आपली चिलापी. उजनीकाठच्या हॉटेलांत ती चवीने खाल्ली जाते, त्यामुळे मागणीचा प्रश्न नाही. अडचण अशी की नर-मादी एकत्र असले की ती महिन्या-दोन महिन्यांनी पिल्लं देत राहते आणि तळं बोटाएवढ्या चिलापीने भरून जातं. म्हणून फक्त नर असलेलं ‘गिफ्ट’ जातीचं बीज घ्यायचं असतं, ते अधिकृत केंद्रातूनच, आणि तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. ती नदीनाल्यात सुटली तर स्थानिक माशांना मागे सारते. तुमच्या तळ्याचा सांडवा ओढ्याला मिळत असेल तर हा विचार सोडा.

पंगस थेट हवाही घेतो, म्हणून दाटीत जगतो. पण तो पूर्णपणे विकतच्या गोळी खाद्यावर वाढतो आणि थंडी त्याला सोसत नाही. निफाडच्या जानेवारीत तो खाणं सोडतो आणि मरायला लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उष्ण भागात मार्च ते नोव्हेंबर असा हंगाम बसवणारे शेतकरी आहेत.

आणि मांगूर? थाई मांगूर म्हणून जो विकतात तो आफ्रिकन मांगूर आहे. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि पकडलेला साठा नष्ट केला जातो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

१३. अंगावर लाल चट्टे पडलेत. काही माशांना चपटे किडे चिकटलेत.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. चपटे, मसुराच्या डाळीएवढे, पारदर्शक आणि हाताने सरकणारे किडे म्हणजे माशांच्या उवा. त्यांची अंडी कठीण पृष्ठभागावर चिकटवलेली असतात. तळ्यात बांबूचे तुकडे किंवा लाकडी फळ्या उभ्या सोडा, चार-पाच दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा, पुन्हा सोडा. अंडी फळ्यांवरच मरतात. महिनाभर नेमाने केलं तर उवा बऱ्याच आटोक्यात येतात. शेतातलं कीटकनाशक थेंब-थेंब टाकून उवा मारण्याचे व्हिडिओ फिरतात. ते बघा, पण करू नका.

थंडीत पडणारे लाल चट्टे आणि पुढे होणाऱ्या जखमा हा व्रणाचा रोग. खाद्य कमी करा, खराब झालेले मासे काढून पुरा. बाकीच्यांसाठी भुवनेश्वरच्या त्याच संस्थेने काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध मिळतं. मात्रा पाण्याच्या घनफळावर ठरते, म्हणून आधी प्रश्न १ सारखा पाण्याचा हिशोब करा.

१४. खाद्य काय आणि किती द्यायचं?

शेंगदाणा किंवा सरकी पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, रात्रभर भिजवून गोळे करून. किंवा तरंगणारं गोळी खाद्य. पेंड स्वस्त पडते, पण कागदाच्या तळ्यात न खाल्लेली पेंड तळाशी बसून सडते. तरंगणारी गोळी उरली तर दिसते, म्हणून नवशिक्याला तीच बरी. पेंडच द्यायची तर आंध्रातली पद्धत वापरा: खताच्या रिकाम्या पोत्याला खाली बोटभर भोकं पाडून ते पेंडीने भरायचं आणि बांबूला टांगायचं. मासे भोकांना तोंड लावून हवं तेवढं ओढतात.

सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ५ टक्के, मोठे झाल्यावर २ टक्के. महिन्यातून एकदा फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून वजन करा. सहाशे मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर एकूण १२० किलो, त्याचे ३ टक्के म्हणजे रोज साडेतीन किलोच्या थोडं वर. दोन वेळा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. वीस मिनिटांत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी. ढगाळ दिवशी, आणि पाणी २० अंशांच्या खाली गेलं की, निम्मं किंवा बंद.

१५. पक्षी, साप आणि चोर?

पाणकावळ्यांचा थवा आला तर दोन दिवसांत बोटुकली साफ करतो. पहिले दोन महिने तळ्यावर दोऱ्यांचं जाळं ताणा. विरोळा साप बिनविषारी आहे, थोडे मासे खातो, त्याला मारू नका. कासव आणि पाणमांजर यांना कायद्याचं संरक्षण आहे.

चोर रात्री जाळं घेऊन येतो. मातीच्या तळ्यात बाभळीच्या फांद्या तळाला टाकतात, जाळं अडकतं. कागदाच्या तळ्यात काटेरी काही टाकायचं नाही, तिथे कुत्रा आणि दिवाच बरा.

१६. आमची जुनी मातीची बोडी (लहान तळं) आहे. मासे सोडले की गायब होतात.

पूर्व विदर्भातून हा प्रश्न हमखास येतो. भंडारा-गोंदियाच्या बोड्यांत मरळ आधीपासून असते आणि ती बोटुकली गिळते. कोरडी पडली तरी ती ओल्या चिखलात तग धरते, ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या पाण्यातही जाते. बीज सोडण्याआधी, मीटरभर पाणी असताना गुंठ्याला २५ किलो मोहाची पेंड भिजवून पसरा. मरळीसकट सगळे मासे वर येतात, ते वेचून घ्या. विषाचा असर दोन-तीन आठवड्यांत जातो आणि पेंडीचं खत होतं. त्यानंतर बीज सोडा. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी नसेल तर पुढच्या पावसात मरळ परत येते.

१७. मासे तळ्यात पिल्लं देतील ना? मग दरवर्षी बीज कशाला?

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी कटकला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हा मत्स्यशेतीचं चित्र बदललं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्यासाठीच पाळतात. सायप्रिनस मात्र तळ्यात अंडी घालतो.

१८. कागद न फाडता मासे काढायचे कसे?

ओढजाळ्याच्या खालच्या बाजूला शिशाच्या गोळ्यांऐवजी जाड दोर किंवा वाळू भरलेली कापडी नळी लावा. पाणी आधी पाच फुटांवर आणा. गावातले भोई बांधव हे काम किलोमागे मजुरीवर करतात आणि आपल्यापेक्षा दहापट सफाईने करतात.

यापेक्षा महत्त्वाचं असं की कागदाच्या तळ्यात एकट्याने उतरू नका. शेवाळ धरलेल्या कागदावर पाय ठरत नाही, चांगला पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही. वाचवायला गेलेला दुसराही अडकतो. अशा बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात. चारही बाजूंना काठाच्या खुंटीला बांधलेला, हाताहातावर गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब काठावर असू द्या, आणि कुंपण करा. मासे बघायला पोरं येतातच.

१९. विकायचं कधी? आणि खरंच किती सुटतात?

आखाडात भाव, श्रावणात उठाव नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हाही मागणी चांगली. पण तोवर पाणी टिकलं पाहिजे, म्हणजे पुन्हा प्रश्न ११. बाजारात तुमची स्पर्धा शेजारच्या तळ्याशी नाही, आंध्रातून बर्फात भरून येणाऱ्या ट्रकशी आहे. त्या भावात तुम्ही टिकणार नाही. तुमच्याकडे जिवंत मासा आहे, ट्रककडे नाही. रविवारी सकाळी तळ्याच्या बांधावर वजनकाटा लावा, गावाच्या ग्रुपवर शनिवारी कळवा, लागतील तेवढेच काढा. आदल्या दिवशी खाद्य देऊ नका.

हिशोब असा मांडा. आठशे सोडले, सत्तर टक्के जगले म्हणजे ५६०. सरासरी ६०० ग्रॅम धरले तर ३३६ किलो. त्याला दीडपट, पाचशे किलो खाद्य. समजा मासा १२० रुपये आणि खाद्य ४० रुपये किलो: चाळीस हजार आले, वीस हजार खाद्यात गेले. उरलेल्या वीसमधून बीज, मजुरी, वीज वजा करा. दोन्ही दर तुमच्या गावचे घालून पुन्हा करा. शेततळ्यातून लाखो कमावल्याचे व्हिडिओ बघून विचारणाऱ्यांना मी हाच कागद पाठवतो. काहींचा विचार तिथेच बदलतो, आणि ते बरं आहे.

२०. परवानगी, अनुदान, कर्ज?

स्वतःच्या शेततळ्याला तलावासारखा ठेका घ्यावा लागत नाही, पण मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंद करून ठेवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के मदतीचं सूत्र आहे. कोणता घटक सध्या चालू आहे ते अर्जाआधी विचारा. किसान क्रेडिट कार्ड माशांसाठीही मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे वीजदराबद्दलही चौकशी करा. अनुदान मिळणार म्हणून धंदा सुरू करू नका, पैसे खर्चानंतर येतात.

२१. बायोफ्लॉकच्या टाक्या घेऊ का?

बायोफ्लॉक म्हणजे सतत हवा सोडलेल्या टाकीत दाटीने मासे वाढवणं. आधी दोन वर्षं तळ्यात मासे जगवून दाखवा. तिथे हवा तासभर बंद पडली तरी टाकी जाऊ शकते, आणि तुमच्या गावचं भारनियमन तुम्हाला माहीत आहे.

२२. माशाला मातीचा वास येतो, गिऱ्हाईक परत करतं.

प्रश्न ७ मधलं निळं-हिरवं शेवाळ याचं कारण. मासे तीन-चार दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या टाकीत उपाशी ठेवले की वास बराचसा जातो.

२३. घरात आई-वडील माळकरी आहेत. पण तळं रिकामं ठेवणंही पटत नाही.

त्यांच्या मनाविरुद्ध करू नका. काही जण तळं ठरावीक रकमेवर भोई कुटुंबाला वर्षभर वापरायला देतात. बीज, खाद्य, काढणी, विक्री सगळं त्यांचं. पाणी किती फुटांच्या खाली गेलं की मासे काढायचे, फवारणीचं काय, आणि तळ्यावर कोण येणार, एवढं कागदावर लिहून घ्या. यालाही घरच्यांची हरकत असेल तर रंगीत मासे वाढवून विकणं हा एक मार्ग आहे, पण त्याला गिऱ्हाईक शहरात असतं. आणि फक्त डासांसाठी विचारत असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा.